वाय-फायमधील भ्रमण, सुरक्षितता आणि शक्तिव्यय

अंधेरीच्या सीप्झ वसाहतीतील (स्थापना १९७३) एखाद्या इमारतीत फोनवर बोलत जिना चढणारा माणूस वाय-फायच्या एका केंद्राच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात जातो. केंद्र केव्हा बदलावयाचे, हे प्रायः त्याच्या फोनमधील ग्राहक-आज्ञावली ठरविते. १९९७ च्या ८०२.११ या मानकाने हा निर्णय तिच्याकडेच सोपविला. फोनने अधूनमधून निद्रिस्त राहावे व तोवर त्याचे संदेश केंद्राने राखून ठेवावेत, ही शक्तिबचतीची योजनाही त्याच मानकातील होय.

सुरक्षिततेचा पाया मात्र कच्चा निघाला. मूळ गुप्तलेखनपद्धतीतील गंभीर दोष २००१ मध्ये सिद्ध झाले. २००४ मध्ये नवी पद्धती आली. तीत प्रत्येक नव्या केंद्राशी किल्ल्यांची देवघेव नव्याने करावी लागे, त्यामुळे चालू संभाषणात खंड पडे. २००८ च्या सुधारणेने काही तयारी आधीच करून हा विलंब घटविला. परंतु २०१७ मध्ये माथी वानहूफ यांनी या देवघेवीतील जो दोष उघड केला, त्याच्या कक्षेत ही जलद पद्धतीही आली.

यावरून असे दिसते की, भ्रमण जलद करू जाता सुरक्षिततेच्या तटास नवे भगदाड पडण्याचा संभव असतो. आणि नव्या केंद्राचा शोध सतत घेतल्यास निद्रा मोडून बॅटरी लवकर उतरते. यास्तव आज्ञावलीच्या पुढील आवृत्तीची आखणी करताना ही एकाच प्रश्नाची तीन अंगे मानणे अवश्य आहे. तसे न झाल्यास उपद्रव जिना चढणाऱ्या त्या माणसास होतो, आणि त्याचे कारणही त्यास कळत नाही.