नेम आणि त्याचे धोके

नेम जुना झाला की मन त्यातून हळूच निसटतं. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे तरुण पाळक रॉबर्ट मॅकचेन हे ओळखून होते. १८४२ च्या अखेरीस त्यांनी आपल्या मंडळीला बायबलवाचनाचं वेळापत्रक दिलं. रोज साधारण चार अध्याय, दोन कुटुंबात, दोन एकांतात. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पण फायद्यांच्या आधी त्यांनी धोके मांडले: नुसता उपचार, वाचल्याचा अहंकार, उरकून टाकणं, काहींना न पेलणारं ओझं. वाचलेल्याचीच प्रार्थना करा, हा त्यांचा सल्ला. पुढच्याच मार्चमध्ये ते गेले, अवघे २९ वर्षांचे. वेळापत्रक आजही वापरात आहे. ते घ्यायचं तर सोबतची धोक्यांची यादीही घ्यायला हवी.