ऑक्सिजन कोणासाठी मोजला गेला?

विलायतेतल्या कोळसा खाणींत स्फोट होऊन मजूर मरत होते, म्हणून १८१५ साली हम्फ्री डेव्हीने सुरक्षा-दिवा बनवला. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर उतरला की त्याची ज्योत विझते, हेही खाणमजुरांना कळले. पुढे जॉन हाल्डेनच्या सांगण्यावरून विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी आले. १९५६ साली लेलँड क्लार्कने ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड जगापुढे मांडला आणि कालांतराने हे यंत्र मुठीत मावू लागले.

आपल्याकडे मजूर सदस्य असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. गटारात उतरणाऱ्याच्या हाती मात्र ना दिवा आला, ना पक्षी. का? कारण तिथे माणूस जातीने उतरवला जात होता. चार वायू मोजणारे यंत्र नियमात यायला २०१३ साल उजाडले.

आता यंत्र आले, तर ते वाचायचे कसे? धाकटी डहाणूसारख्या किनारपट्टीच्या गावाचा विचार करा. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. पावसाळ्यात तीस अंश तापमानाला हवा बाष्पाने पूर्ण भरली की ते बाष्प सुमारे चार टक्के जागा घेते आणि ऑक्सिजन २०.१ वर येतो. ही घट निरुपद्रवी आहे. पण टाकीत तेवढीच घट दुसऱ्या वायूमुळे झाली असेल, तर तिथे चाळीस हजार पीपीएम परका वायू आहे! आकडा तोच, अर्थ मरणाचा. एसी गाडीतून दमट हवेत काढलेल्या यंत्राच्या पडद्यावर पाणी साचते आणि आकडा चुकतो. टाकीच्या तोंडाशीच यंत्र 'सेट' केले तर ते घाण हवेलाच शुद्ध समजते.

सर्वात मोठा धोका वेगळाच. हजार पीपीएम हायड्रोजन सल्फाइड माणसाला काही क्षणांत आडवा करतो. त्याने ऑक्सिजनचा आकडा मात्र जेमतेम ०.०२ ने हलतो. म्हणजे 'ऑक्सिजन ठीक आहे, उतर' हे वाक्य खुनाचे आमंत्रण ठरू शकते. सडलेल्या मासळीने भरलेल्या होडीच्या बंद कप्प्यालाही हेच लागू आहे.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, विरारमध्ये, एप्रिल २०२४ मध्ये सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत चार कामगार मेले. त्याआधी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती. २०२३ साली ती तीस लाख केली. मेल्यानंतरची किंमत वाढली, जगण्याची हमी कुठे आहे?

म्हणून कार्यकर्त्यांनो, यंत्र दाखवून कोणी गप्प करू लागला तर विचारा: शुद्ध हवेत कधी तपासले? चारही वायू दाखवते का? तळापर्यंत सोडून पाहिले का? आणि शेवटचा प्रश्न विसरू नका: मशीन असताना माणूस उतरतोच कशाला?

जय भीम!