दोन निशाणांचे जहाज

शिडांच्या जमान्यात शत्रूचे जहाज बुडवण्यापेक्षा ते धरण्यातच शहाणपण असे. लाकूड, तोफा, दोरखंड सारे आयते हाती येई, आणि बक्षिसाचा वाटा अगदी साध्या खलाशापर्यंत पोचे. नाव बदलावे, निशाण बदलावे, की कालचा वैरी आज आपल्या आरमारात रुजू!

१८०० साली फ्रान्समधील रोशफोर येथे ७४ तोफांचे ‘द्युगे-त्रुएँ’ पाण्यात उतरले. नाव ज्या दर्यावर्द्याचे ठेवले, त्याने स्वतः इंग्रजांची कितीतरी जहाजे धरली होती. १८०३ मध्ये आजच्या हैतीत गुलामांची क्रांती पेटली असता ते इंग्रजांचा वेढा चुकवून मायदेशी परतले. पुढे २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्राफल्गारचा संग्राम झाला. हे ज्या तुकडीत होते ती फारशी न झुंजताच निसटली. पण पळून किती पळणार? ४ नोव्हेंबरला ऑर्तेगाल भूशिराजवळ इंग्रज सेनानी स्ट्रॅचनने त्यांना गाठले. या खेपेस मात्र ते लढले. कप्तान तुफे पडला, आणि निशाण उतरले.

इंग्रजांनी नाव दिले ‘इम्प्लॅकेबल’, म्हणजे कशानेही न शमणारे. १८०८ साली बाल्टिक समुद्रात त्याने रशियाचे ‘व्सेवोलोद’ जेरीस आणले. १८५५ पासून त्यावर पोरांना दर्यावर्दीपणाचे धडे मिळू लागले. तोफखान्याची शाळा झाली, हे माझ्यासारख्या मास्तराला सर्वांत मोठे शौर्य वाटते!

१९१२ मध्ये व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ते सांभाळायला घेतले. त्याच्या शेजारी नांगरलेले त्यांचे दुसरे जहाज कोणते म्हणाल? आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’!

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘इम्प्लॅकेबल’च्या डागडुजीला इंग्लंडपाशी पैसा उरला नाही. फ्रान्सला देऊ केले, तर त्यानेही नको म्हटले. माहेरही तुटले म्हणायचे. २ डिसेंबर १९४९ रोजी इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन्ही निशाणे चढवून त्याला पोर्टस्मथहून समुद्रात ओढून नेले आणि सुरुंग उडवले. तळ फुटला, पण वरचे धड लवकर बुडेना. दीडशे वर्षांच्या त्या सांगाड्याने आपले नाव खरे केले. ट्राफल्गार पाहिलेले ‘व्हिक्टरी’ जपणाऱ्या देशाला हेही जपता आले असते. जिंकलेल्याचा अभिमान आणि पकडलेल्याची अडगळ, हा न्याय मला पटत नाही.

पिछाडीचा कोरीव सज्जा आणि नाळेवरची मूर्ती तेवढी काढून घेतली होती. ती ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. मुंबईचे ते सागवान हार्टलपूलच्या गोदीत अजून पाण्यावर तरंगते आहे.