पिस्तूल चाललं नाही तर?

नाशिकमध्ये राहणारा माणूस दिवसातून एकदा तरी ‘गोल्फ क्लबवर भेटू’ म्हणतो. सकाळी तिथे चालणाऱ्यांची रांग असते, दुपारी क्रिकेट, संध्याकाळी ट्रॅकच्या कडेला गप्पा. रणजीचे सामने इथेच होतात. मीही कित्येक वर्षं गोल्फ क्लबच म्हणत आलो. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे हे पाटीवर रोज दिसतं, पण रोज दिसणारी पाटी कोण वाचतं?

कान्हेरे कोण, हे शाळेत एका ओळीत शिकवलेलं असतं : २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या ओळीत पिस्तूल गृहीत धरलेलं आहे. ते होतं, हातात होतं, चाललं. मला मात्र बरेच दिवस एकच प्रश्न छळत होता. ते चाललं नसतं तर? आणि असा विचार त्या मुलांनी केला होता का?

केला होता. त्यांची सगळी योजनाच या एका शंकेवर उभी होती.

आधी पिस्तूल आलं कुठून ते पाहू. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी होता. १९०९ च्या सुरुवातीला तो भारतात परत यायला निघाला, तेव्हा त्याच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ होता. त्या तळाखाली विनायक दामोदर सावरकरांनी पाठवलेली २० ब्राऊनिंग पिस्तुलं आणि काडतुसं होती. मार्चच्या सुरुवातीला पेटी मुंबईत उतरली. जेमतेम आठवडाभर आधी, २८ फेब्रुवारीला, सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना अटक झाली होती. म्हणजे माल आला, पण ज्याच्या भरवशावर यायचा तोच आत.

ब्राऊनिंग ही त्या काळातली अगदी नवी वस्तू. जॉन ब्राऊनिंग या अमेरिकन कारागिराने आराखडा केला आणि बेल्जियममधल्या हर्स्टालच्या कारखान्याने पिस्तुलं बनवली. १९०० सालच्या मॉडेलचं वजन साधारण सव्वासहाशे ग्रॅम, मॅगझिनमध्ये ७ गोळ्या. चपटं, त्यामुळे कोटाच्या खिशात फुगवटा दिसत नाही. त्याआधीचं रिव्हॉल्व्हर म्हणजे जाडजूड, मध्ये फिरणारा गोल डबा.

पण जुन्या रिव्हॉल्व्हरचा एक मोठा गुण होता. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, डबा फिरतो, पुढचं काडतूस समोर येतं. नव्या पिस्तुलाचं तसं नाही. त्यात प्रत्येक गोळीच्या धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि स्प्रिंग पुढची गोळी आत ढकलते. एक गोळी दुसरीची सोय करते. त्यामुळे एक जरी फुसकी निघाली किंवा टरफल अडकलं, तर साखळी तिथेच तुटते. मग हाताने मागे ओढून ते मोकळं करावं लागतं. शांत खोलीत हे काही सेकंदांचं काम आहे. भरलेल्या नाट्यगृहात, समोर पोलीस असताना, तेवढे सेकंद नसतात.

नवीन घेतलेलं हत्यार भरवशाचं आहे का, हे कळायचा मार्ग एकच : ते चालवून बघणं, पुन्हापुन्हा. इथे नाशिक आणि लंडन यांच्यातला फरक मला फार बोलका वाटतो.

त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. त्यांचं कोल्ट पिस्तूल दुकानातून रीतसर विकत घेतलेलं होतं. इंग्लंडमध्ये तेव्हा पोस्टात १० शिलिंग भरले की बंदुकीचा परवाना मिळत असे. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या गॅलरीत ते नियमित सराव करत होते, अगदी त्या दिवशीही तिथे जाऊन आले होते. हे सगळं त्या गॅलरीच्या चालकाने कोर्टात सांगितलं.

नाशकात यातलं काय शक्य होतं? १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं भारतीयांसाठी गुन्हा ठरला होता; युरोपियनांना सूट होती. दुकान नाही, गॅलरी नाही. स्प्रिंग बिघडली तर दुरुस्त करणारा नाही. काडतुसं पेटीतून आली तेवढीच, म्हणजे सरावात उडवलेली प्रत्येक गोळी त्या दिवसाच्या हिशेबातून वजा. आणि गोळीचा आवाज म्हणजे पोलिसांना आवतणच.

जे यंत्र तपासता येत नाही, त्याची उणीव माणसांनी भरून काढायची, असं मग ठरलं. कान्हेरे गोळी झाडणार. ते चुकले किंवा पिस्तूल अडलं, तर विनायक नारायण देशपांडे. तेही फसलं, तर कृष्णाजी गोपाळ कर्वे. पकडलं जाण्यापूर्वी जीव देता यावा म्हणून कान्हेरेंजवळ विष होतं.

जॅक्सन यांची बदली झाली होती, निरोपाचे कार्यक्रम चालू होते. त्या रात्री त्यांच्या सन्मानार्थ किर्लोस्कर मंडळींचं ‘संगीत शारदा’ लागलं होतं. जॅक्सन आत आले, लोक स्वागताला पुढे झाले. पहिली गोळी काखेजवळून निघून गेली असं सांगितलं जातं. रिकामं टरफल बाहेर पडलं, पुढची गोळी आत गेली. कान्हेरे समोर आले आणि त्यांनी लागोपाठ चार गोळ्या झाडल्या. जॅक्सन तिथेच कोसळले.

पिस्तूल चाललं. दुसऱ्या, तिसऱ्या माणसाची गरजच पडली नाही. कान्हेरेंना मात्र लोकांनी जागीच धरलं. ना स्वतःवर गोळी झाडता आली, ना विष घेता आलं.

इथून पुढचं वाचताना मी दरवेळी थांबतो. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली ती एकट्या कान्हेरेंना नाही. कर्वे आणि देशपांडे यांनाही झाली. त्यांच्या हातून त्या रात्री एकही गोळी सुटलेली नव्हती. पहिलं पिस्तूल दगा देईल या भीतीपोटी ते तिथे उभे होते. पिस्तुलाने दगा दिला नाही, तरी त्या भीतीची किंमत त्यांनी प्राण देऊन चुकवली. कान्हेरेंचं वय तेव्हा जेमतेम अठरा.

आणि धागा तिथेच संपला नाही. पिस्तूल नाशकात बनत नाही. ते हातात असणं हाच प्रश्न होता, कुठून आलं? माग लंडनपर्यंत गेला. पेटी आणणारा चतुर्भुज अमीन सरकारतर्फे साक्षीला उभा राहिला. नाशिक कटाच्या खटल्यात ३८ जण आरोपी होते. सावरकरांना डिसेंबर १९१० मध्ये एक आणि जानेवारी १९११ मध्ये जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप झाली. दोन्ही मिळून ५० वर्षं. पिस्तुलाच्या यंत्राबद्दल सगळ्यांना शंका होती. आपलंच पिस्तूल आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून किती चोख चालेल, याचा अंदाज मात्र कमी पडला.

उलटं उदाहरणही आपल्याकडेच आहे. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळी झाडली. हत्यार चाललं, नेमही बरोबर होता. पण गोळी हॉटसन यांच्या छातीवरच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली. हॉटसन वाचले, गोगट्यांना तुरुंगवास झाला, फाशी नाही. एका बटणाने दोघांचे जीव वाचवले असं म्हणायला हरकत नाही.

जॅक्सन यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. बाबारावांचा खटला पुढच्या कोर्टाकडे पाठवणारा अधिकारी हाच, आणि संस्कृत जाणणारा, ‘पंडित’ म्हणून ओळखला जाणारा अभ्यासकही हाच. त्यांनी गोळा केलेल्या गुजरात-कोकणातल्या लोकसमजुतींचं साहित्य त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आलं. ते वाचताना आपल्या आज्या सांगायच्या त्या गोष्टी भेटतात. साम्राज्याचा हुकूम चालवणारा हात आणि त्या गोष्टी लिहून ठेवणारा हात एकच होता. हे एकत्र धरणं अवघड जातं, पण त्यातलं एक सोडून दिलं तर इतिहास अर्धाच राहतो.

परवा गोल्फ क्लबवर एक मुलगा मित्राला लोकेशन पाठवत होता. नकाशावर आलेलं नाव वाचून त्याने मला विचारलं, “काका, हे कान्हेरे मैदान म्हणजे हेच ना?”

“हेच,” म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून पुढे सांगितलं, “त्यांच्याबरोबर आणखी दोघं होते. कर्वे आणि देशपांडे.”

“त्यांनी पण गोळ्या झाडल्या?”

“नाही,” मी म्हणालो. “ते पिस्तूल चाललं नाही तर, म्हणून आले होते.”