व्यवसायजन्य रक्तकर्करोग आणि नुकसानभरपाईचा कायदा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रोहा शहरालगतच्या वरसे गावापासून जवळच धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींमुळे रायगड जिल्ह्याच्या शेतीप्रधान भागात नवा कामगारवर्ग उदयास आला. यंत्रात हात सापडला तर इजा त्याच दिवशी दिसते. रसायनामुळे होणारा रक्ताचा कर्करोग मात्र अनेक वर्षांनी प्रकट होतो. हे अंतर कायद्याने कितपत विचारात घेतले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वैद्यकीय पुरावा :
बेन्झिनचा वापर रबर, रंग, चिकटद्रव्ये व रसायननिर्मिती यांत झाला. श्वासावाटे शरीरात गेलेले बेन्झिन अस्थिमज्जेस बाधा पोहोचविते. इस्तंबूलमधील पादत्राणे बनविणाऱ्या कामगारांत आढळलेल्या रक्तकर्करोगाकडे मुझफ्फर अक्सोय यांनी १९७० च्या दशकात लक्ष वेधले. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झिनची कर्करोगकारकता मान्य केली. बेन्झिनविषयक १९७१ च्या आंतरराष्ट्रीय श्रम करारास भारताने १९९१ मध्ये मान्यता दिली.

कायद्याची वाटचाल :
कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत बेन्झिनजन्य रोगांचा पुढे समावेश झाला. त्यामुळे रोग हा अपघातच मानला जाई. परंतु एकाच मालकाकडे सलग सहा महिने सेवेची अट होती. ठेकेदार बदलत राहणाऱ्या कामगारास ही अट जाचक होती. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांत लक्षणे दिसल्यास ती प्रथम आढळल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाई. रक्तकर्करोग त्याहून बराच उशिरा उद्भवू शकतो. पुरेसे कारण असल्यास आयुक्तांना विलंब माफ करता येई, तथापि कारण सिद्ध करण्याचा भार रुग्णावर किंवा त्याच्या वारसांवर पडे.

याउलट १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉससंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी नंतर संपणाऱ्या मुदतीपर्यंत जतन करण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

निष्कर्ष :
१९२३ च्या कायद्याने रोगास मान्यता दिली, पण त्याची कालगणना अपघाताचीच राहिली. न्यायालयाची ४० वर्षांची कालगणना रोगाच्या स्वरूपाशी अधिक सुसंगत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. तथापि कोणत्या कामगाराने कोणते रसायन किती काळ हाताळले, याची नोंदच नसेल तर अनुसूचीतील रोगाचे नाव कागदावरच राहते. वरसे-धाटावसारख्या परिसरातील कामगाराच्या दृष्टीने ही नोंद हाच भरपाईचा पहिला पुरावा होय.