सुवाह्य संगीतयंत्रे

सुवाह्य संगीतयंत्रे : मुद्रित केलेले संगीत प्रवासात, कामाच्या ठिकाणी किंवा घराबाहेर कोठेही ऐकता यावे यासाठी तयार केलेली, हातातून अथवा खिशातून नेता येण्याजोगी यंत्रे. चावीच्या पेटीवजा ग्रामोफोनपासून ध्वनिफितीच्या वॉकमनपर्यंतची व संगीत आकड्यांच्या रूपात साठविणारी अंकीय यंत्रे यांचा त्यांत समावेश होतो. या यंत्रांचा इतिहास हा बव्हंशी सोय आणि ध्वनीची प्रत यांच्यातील देवघेवीचा इतिहास आहे. वजन, किंमत वा वादनकाल यांत लाभ झाला की, त्याच्या मोबदल्यात ध्वनीतील काही अंश सोडून द्यावा लागला. कोणता अंश सुटला आणि तो ऐकणाऱ्यास जाणवतो किंवा नाही, हाच असे यंत्र विकत घेताना पडणारा मूळ प्रश्न होय.

या स्थित्यंतराचे टप्पे एखाद्या लहान रेल्वे स्थानकाच्या कालपटावरही मांडता येतात. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आपटा हे गाव आहे. पनवेलहून येथवर लोहमार्ग आला तो १९६६ मध्ये. त्या वेळी प्रवासातील संगीत म्हणजे ट्रँझिस्टर रेडिओ. हाच मार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गेला, तेव्हा ध्वनिफितीचा अंमल सुरू झाला होता. आपटा स्थानकावर ज्याचा अखेरचा प्रसंग चित्रित झाला, तो दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जर्मनीतील संशोधकांनी आपल्या ध्वनिसंपीडन पद्धतीच्या संचिकांना ‘एमपी३’ हे नामाभिधान निश्चित केले होते. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होऊन आपट्यावरून थेट दक्षिणेकडे गाड्या धावू लागल्या आणि त्याच वर्षी खिशात मावणारी पहिली अंकीय संगीतयंत्रे बाजारात आली.

पेटीचा ग्रामोफोन : टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये ध्वनिलेखक व एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये तबकडीचा ग्रामोफोन सिद्ध केला. भारतात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्यांत गौहरजान यांची मुद्रणे विशेष गाजली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्‍लंडमध्ये ‘डेका’ नावाची हातात धरून नेता येणारी पेटी निघाली व सैनिकांनी ती आघाडीवर नेली. हिज मास्टर्स व्हॉइसची ‘१०२’ क्रमांकाची पेटी १९३१ मध्ये आली. ही यंत्रे चावी देऊन चालत असल्यामुळे वीज नसलेल्या गावांतही ती वाजविता येत.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचे गाणे मावे. अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ यांसारख्या गायकांचे गाणे ज्यांनी बैठकीत वा नाट्यगृहात ऐकले नव्हते, त्यांच्यापर्यंत ते याच मर्यादेत पोहोचले. नाट्यगीताला ही मर्यादा सोसली. ख्यालाला मात्र आपला विस्तार आवरावा लागला. शिवाय १९२५ पूर्वीचे मुद्रण कर्ण्यात गाऊन केले जाई व त्यात सर्वसाधारणपणे तीन हजार हर्ट्‌झच्या पलीकडील स्वरांश फारसे उतरत नसत. विद्युत् ध्वनिग्राहक आल्यावर ही कक्षा पाच हजार हर्ट्‌झच्या पुढे गेली. जुन्या तबकड्यांची आजची अंकीय रूपे ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण जे मुळात मुद्रितच झाले नाही ते कोणतेही यंत्र परत मिळवून देऊ शकत नाही.

रेडिओ आणि ध्वनिफीत : पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेली गीतरामायणाची ५६ गीते बहुतेक श्रोत्यांनी घरातील एका जागी ठेवलेल्या, निर्वात नलिकांच्या रेडिओवर ऐकली. अमेरिकेत १९५४ मध्ये विक्रीस आलेल्या ट्रँझिस्टर रेडिओने पुढील काळात श्रोत्याला घराबाहेर नेले. परंतु काय ऐकावे हे प्रसारण केंद्राकडेच राहिले. ही निवड फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेल्या डबीबंद ध्वनिफितीने श्रोत्याच्या हाती दिली. सोनी कंपनीचा वॉकमन जुलै १९७९ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. त्यास ध्वनिक्षेपक नव्हता. ऐकणे केवळ हेडफोनमधून होई. संगीत सोबत नेण्याबरोबरच ते एकट्याने ऐकण्याची रीतही त्यामुळे रूढ झाली.

महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितीने संगीताचा बाजारच पालटला. मुद्रण व प्रती काढणे स्वस्त झाल्याने मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेली कोळीगीते, भीमगीते, भक्तिगीते व तमाशातील गाणी गावोगावी पोहोचली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज घराघरांत गेला. या लाभाची किंमत ध्वनीच्या प्रतीत मोजावी लागली. केवळ ३·८१ मिमी. रुंदीची फीत सेकंदाला ४·७६ सेंमी. या मंद गतीने सरकत असल्यामुळे पार्श्वभूमीला सतत सळसळ ऐकू येई. फितीची गती किंचित जरी बदलली, तरी तंबोऱ्याचा स्थिर षड्ज हेलकावे खाऊ लागे. प्रतीवरून प्रत काढताना हे दोष वाढत जात. तरीही श्रोत्यांनी ती पत्करली, कारण अनेकांना ते संगीत दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळणार नव्हते.

अंकीय ध्वनी : सोनी व फिलिप्स यांची सघन तबकडी (सीडी) १९८२ मध्ये आली आणि सुवाह्य यंत्रात ती वाजविण्याची सोय सोनीने १९८४ मध्ये केली. या पद्धतीत ध्वनितरंगाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात व प्रत्येक माप १६ द्विमान अंकांनी दर्शवितात. माणसाच्या कानाची वरची श्रवणमर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असल्यामुळे तत्त्वतः एवढी मापे पुरेशी ठरतात. दोन वाहिन्यांसाठी सेकंदाला १४,११,२०० अंक लागतात. एवढी सामग्री १९९० च्या दशकातील महागड्या स्मृतिघटकात साठविणे परवडणारे नव्हते.

ही अडचण एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ख व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या संपीडन पद्धतीने दूर केली. मोठ्या आवाजाच्या शेजारच्या कंप्रतेवरील लहान आवाज कानाला ऐकू येत नाही, या आच्छादनाच्या गुणधर्मावर ती आधारलेली आहे. न ऐकू येणारे अंश ओबडधोबड रीतीने नोंदवून किंवा वगळून सेकंदाला १,२८,००० अंकांतच गाणे बसविता येते; म्हणजे मूळ सामग्री सु. एक अकरांशावर येते. दक्षिण कोरियातील ‘एमपीमॅन’ व अमेरिकेतील ‘रिओ’ ही १९९८ मधील यंत्रे केवळ ३२ मेगाबाइट स्मृतीची होती व या दराने त्यांत सु. अर्ध्या तासाचे संगीत मावे. ॲपल कंपनीच्या ऑक्टोबर २००१ मधील आयपॉडमध्ये पाच गिगाबाइटची चुंबकीय चकती होती व त्यात हजार गाणी बसत. स्मृती स्वस्त होत गेल्यावर संपीडनाची निकडही ओसरली. मूळ अंक जसेच्या तसे परत देणारी ‘फ्लॅक’ ही पद्धतही २००१ मध्येच उपलब्ध झाली. तीत सामग्री साधारण निम्म्यावर येते आणि ध्वनीत काहीही गमावले जात नाही.

ध्वनीच्या प्रतीची पारख : यंत्राच्या जाहिरातीत मापांची संख्या व अंकांची रुंदी ठळकपणे दिलेली असते. तथापि ध्वनीची प्रत ही एका साखळीवर अवलंबून असते. मूळ मुद्रण, संपीडन, अंकांचे विद्युत् प्रवाहात रूपांतर करणारा घटक, विवर्धक, हेडफोन, ऐकण्याची जागा आणि ऐकणाऱ्याचा कान हे तिचे दुवे होत. सर्वांत दुबळा दुवा जेवढे पुढे जाऊ देतो, तेवढेच कानापर्यंत पोहोचते. अंकीय यंत्रांत रूपांतरक व विवर्धक हे दुवे बहुधा पुरेसे चांगले असतात; हेडफोन व मुद्रण यांतील फरक त्यांपेक्षा पुष्कळ मोठे असतात. म्हणून किमतीचा मोठा भाग यंत्रावर खर्चून सोबत सामान्य हेडफोन वापरणे लाभाचे नसते.

भारतीय संगीतातील काही ध्वनी पारखीस विशेष उपयोगी पडतात. जवारी लावलेल्या तंबोऱ्यात उच्च स्वरांश दाट व सतत असतात. अतिसंपीडनाने त्याचा झंकार पाणीदार न राहता खरखरीत वा घुसमटलेला होतो. तबल्यावरील चाटेचा आघात क्षणिक असतो. कमी अंकांत तो बसविताना आघाताच्या किंचित आधीच एक पुसट फुसफुस ऐकू येऊ शकते. गायकाच्या ‘स’ व ‘श’ या वर्णांची तीक्ष्णताही हेडफोनचा दोष उघड करते. दोन यंत्रांची तुलना करताना मुद्रण एकच असावे, आवाजाची पातळी सारखी असावी व कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्यास माहीत नसावे. पातळीतील अल्पशी वाढही ‘अधिक चांगला ध्वनी’ असा भास निर्माण करते आणि दुकानातील बहुतेक तुलना येथेच फसतात.

ऐकण्याची जागाही तितकीच निर्णायक आहे. आपटा–पनवेल मार्गावरील धावत्या डब्यात चाकांचा व उघड्या खिडकीतील वाऱ्याचा आवाज खर्जातील स्वर आणि आलापीतील हळुवार जागा झाकून टाकतो. तेथे २४ अंकी मुद्रण व सामान्य संपीडित मुद्रण यांतील भेद ओळखणे दुरापास्त असते. कान घट्ट झाकणारा हेडफोन मात्र लगेच फरक दाखवितो. त्याअभावी श्रोता आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते. श्रवणशक्तीची अशी हानी सहसा भरून येत नाही व ती प्रथम उच्च कंप्रतांनाच ग्रासते. म्हणजे ज्या बारकाव्यांसाठी चांगले यंत्र घेतले, ते ऐकण्याची क्षमताच गमावण्याचा संभव असतो.

उत्तरकाल : ग्रामोफोन कंपनीच्या परंपरेतील सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ हे पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेले यंत्र आणले, त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्याचे बाह्यरूप जुन्या ट्रँझिस्टर रेडिओचे आहे. निवड, संचिका व जोडणी यांच्या खटाटोपात न पडू इच्छिणाऱ्या वडीलधाऱ्या श्रोत्यांनी त्याचे स्वागत केले. भ्रमणध्वनीने स्वतंत्र संगीतयंत्राची गरज कमी केल्यामुळे आयपॉडचे उत्पादन मे २०२२ मध्ये थांबविण्यात आले. बारकाईने ऐकणाऱ्यांसाठी उच्च प्रतीची स्वतंत्र यंत्रे निघत असली, तरी त्यांचा वर्ग लहान आहे.

सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीत यंत्राची क्षमता मानवी कानाच्या मर्यादेपर्यंत येऊन पोहोचली. मुद्रण मात्र पुढील यंत्राबरोबर आपोआप सुधारत नाही. खरखर काढण्याच्या नादात जुन्या तबकडीवरील आवाजाचे तेजही पुसले गेले असेल किंवा मूळ तबकडी जपलीच गेली नसेल, तर उत्तमोत्तम यंत्रही श्रोत्याला ती उणीव अधिक स्पष्टपणे ऐकविते, एवढेच. त्यामुळे सुवाह्य यंत्राची निवड हा व्यक्तीचा प्रश्न असला, तरी त्यातून काय ऐकू येईल हे मूळ मुद्रणे किती काळजीने जतन केली जातात, यावर ठरते.