रात्रीची बॉम्बफेक : अंधारातील नेम

रात्रीच्या बॉम्बफेकीत नेम धरणे ही दुसरी पायरी असते. आपले विमान नेमके कोठे आहे हे कळणे ही पहिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या हे उशिरा ध्यानात आले. ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालासाठी विमानांतून घेतलेली सहाशेहून अधिक छायाचित्रे तपासण्यात आली. हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचल्याचे त्यातून उघड झाले. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. जळगाव रेल्वे स्थानकासाठीचा बॉम्ब नशिराबादच्या वाटेवरील शेतात पडावा आणि तरीही जमेस धरला जावा, असाच हा प्रकार!

कारखाना सापडत नाही म्हणून फेब्रुवारी १९४२ मध्ये शहरेच लक्ष्य ठरविण्यात आली. त्याची किंमत जर्मन नागरिकांनी मोजली. पुढे ‘जी’ व ‘ओबो’ या रेडिओ यंत्रणा, ‘एच-टू-एस’ रडार आणि रंगीत प्रकाशखुणा टाकणारी पाथफाइंडर पथके आल्यावर नेम सुधारला.

भारतीय हवाई दलात कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने १९५७ पासून दाखल झाली. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरांनी गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. विमानतळाच्या इमारती ठरल्याप्रमाणे शाबूत राहिल्या. हा हल्ला दिवसाउजेडी झाला होता. धावपट्टी मात्र घाईघाईने बुजवून त्याच रात्री दोन प्रवासी विमाने निसटली.

१९६५ च्या युद्धात शत्रूच्या लढाऊ विमानांच्या धास्तीने कॅनबेरांना मुख्यतः रात्रीच उड्डाण करावे लागले. १३-१४ सप्टेंबरच्या रात्री विंग कमांडर पी. पी. सिंग यांच्या नेतृत्वाखाली पेशावरवर हल्ला झाला. चार हजार पौंडी बॉम्ब ओळीने उभ्या असलेल्या पाकिस्तानी बी-५७ विमानांजवळच पडला; पण जमीन भुसभुशीत निघाली आणि विमाने बचावली. थोडक्यात हुकलेला हा नेम त्या युद्धातील मोठी ‘जर-तर’ मानावी लागेल. १९७१ मध्ये विंग कमांडर पद्मनाभ गौतम यांनी मियांवाली विमानतळावर रात्री कमी उंचीवरून हल्ला केला. त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले. १९७२ मध्ये पुण्याजवळ विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

कॅनबेरा २००७ मध्ये निवृत्त झाले. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे, अंधारातच, मिराज विमानांनी बालाकोटवर दिशानियंत्रित बॉम्ब टाकले. ते लक्ष्यावर पडले की नाही, याबाबत भारत आणि पाकिस्तानचे दावे परस्परविरोधी आहेत.